मिरचीच्या डब्यांवरचा पुसलेला ‘न’

तीर्थरूप थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार.

तुमच्या पार्सलाची पोच द्यायला उशीर झाला, माफी असावी. आलं ते असं: मिरचीच्या बियांच्या पुड्या दोन, एक तिखट आणि एक भोपळी, लाल भोपळ्याच्या बिया वीस (पैकी दोन पोचट), सुतळीचा गुंडा एक. खर्च: पोस्टमनला चहा अर्धा कप. तुमचा गुडघा आता कसा आहे? रोज दिवा लावताना मी त्याच्यासाठी हात जोडते. आम्ही देवदयेने धडधाकट आहोत, फक्त माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

त्याचं असं झालं. वसंत लागला की आमच्या वस्तीवरची सात घरं आळीपाळीने एकमेकांचे वाफे करून देतात, आणि ज्याच्याकडे जी रोपं जास्त ती तो वाटतो. यंदा मिरची माझ्याकडे होती. बिया जुन्या डब्यांत पेरल्या आणि वर कॅलेंडरच्या पट्ट्या चिकटवल्या. शाई जपून वापरायची सवय, म्हणून तिखटीला नुसतं ‘ति.’ लिहिलं. भोपळीला ‘भो.’ लिहिणार होते, पण शेजारीच भोपळा. उगाच घोटाळा नको (इतका पुढचा विचार मी करते, हे तुमच्या दिरांना जरा सांगा), म्हणून लिहिलं ‘ति. न.’, म्हणजे तिखट नसलेली. मग तीन आठवडे स्तोत्र म्हणत झारीने पाणी घातलं. स्तोत्र लांब, त्यामुळे पाणीही अंमळ जास्तच पडलं, आणि पट्ट्यांच्या टोकाचे सगळे ‘न’ धुऊन गेले. आता सगळेच डबे ‘ति.’!

रोपं तर दोन्हींची जुळ्या बहिणींसारखी. गेल्या रविवारी सगळी वस्ती आमच्या वाफ्यांत राबली, सुतारकाकांची तर कंबरच धरली. कुणाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? दिली अंदाजाने. त्यातली साठ शाळेच्या बाईंनी भोपळी म्हणून शाळेच्या बागेसाठी नेली. मुलं भोपळी मिरची झाडावरून तोडून कच्चीच खातात म्हणे! तेव्हापासून डोळे मिटले की अख्खा बालवर्ग एका सुरात रडताना दिसतो. हे म्हणाले, “जाऊन सांगून टाक, कोणी खात नाही तुला.” मी म्हटलं, “मला नाही हो, मिरची खातील!” तीनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि तीनदा परत आले.

तुमची आज्ञाधारक
धाकटी

ता. क. आज एकदाची बाईंना भेटून आले. चाखून बघितल्याशिवाय एकही मिरची मुलांच्या हाती देऊ नका, असं बजावलं. चूक कशी झाली ते सांगताना मात्र जीभ अडखळली आणि “बी जाऊबाईंनी पाठवलेलं” एवढंच बाहेर पडलं. (यात एक अक्षर खोटं नाही.) बाई म्हणाल्या, “असू दे हो, वय झालं असेल त्यांचं.”

ता. क. दुसरा. बाई फार मायाळू. तुम्ही मनाला लावून घेऊ नये म्हणून त्या तुम्हाला पत्र लिहिणार आहेत. पत्ता माझ्याकडूनच नेला. त्यांना एवढंच लिहा, की पुड्या बदलल्या असतीलही, आठवत नाही. खोट्याचा उपास तुमच्या वतीने मी करीन (एका वेळचं जेवणही वाचेल). लिहिणार की नाही ते मात्र आधी मला उलट टपाली कळवा, म्हणजे शाळेवरून जायचं की लांबच्या वाटेने, ते ठरवता येईल.