वीतभर चिंधी

ताई,

पणजीच्या गोधडीला तू मशीनवर नव्याकोऱ्या कापडाचं ठिगळ मारलंस. नवं कापड जुन्याला ओढतं, म्हणून ठिगळाभोवती ती आणखी फाटली. दोन दिवस तुझे टाके उसवतेय, डोकं उठलंय. जुने कपडे सांधून पोट भरते मी. मला विचारायला काय झालं होतं?

गोधडीला तितकंच विरलेलं कापड लागतं. तसे फक्त आईच्या उशीचे अभ्रे आहेत, आणि ते तुझ्याकडे. वाटणीच्या दिवशी मीच फणकारले होते, "घेऊन जा, मला चिंध्यांचा सोस नाही."

आता त्यातलीच वीतभर चिंधी कोणत्या तोंडानं मागू?

भोक तसंच आहे. हे पत्र सुयांच्या डब्यात ठेवतेय.

तुझी,
हट्टी धाकटी