चुलीवरच्या फळीवर

नंदाखाल, ता. ८ ऑक्टोबर १९७४

चि. हिल्डास गॅब्रिएलचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. केळीला घड चांगले धरलेत. पण बाई, मे महिन्यात तू आपल्या रेडिओतला तो तीन पायांचा ढेकूण, म्हणजे तुझा ट्रान्झिस्टर, बदलून दिलास ना, तेव्हापासून रेडिओ संध्याकाळी गेंगाणा होतो आणि बातम्यांआधी गप्प! सकाळी पुन्हा शहाण्यासारखा गातो. बेसिलकाका रोज विचारतो, पोरगी मुंबईत हेच शिकली का? आपलं ठरलंय: रेडिओ नीट चालला तरच जानेवारीपासून तुझ्या रेडिओदुरुस्तीच्या कोर्सचं दुसरं वर्ष, नाहीतर घरी येऊन शिवणक्लास. माझा जीव तुटतो गं, पण शब्द तो शब्द.

प्रकृतीस जप.
तुझा बाबा

मुंबई, ता. १२ ऑक्टोबर

ती. बाबांस हिल्डाचा सा. न. वि. वि.

बेसिलकाकांना म्हणावं, जरा दम धरा! त्या ढेकणाच्या पोटात तीन थर आणि त्यांचे दोन सांधे असतात. मधल्या पायाला चिमूटभर वीज दिली, तरच बाकीच्या दोन पायांमधून मोठा प्रवाह वाहतो. तुम्ही केळीत दारं धरता, तसंच. कुदळभर माती सरकवली की अख्खा पाट वळतो. पण हा जर्मेनियमचा आहे, याला ऊब सोसत नाही. तापला की मधल्या पायाने न सांगताच वीज झिरपते, झिरपली की आणखी तापतो आणि आवाज फाटतो. रात्रीत निवतो, म्हणून सकाळी गातो. बाबा, खरं सांगा, रेडिओ ठेवलाय कुठे?

मला शिवण नको हो. परवा तेवीस मुलांत मी एकटीने बंद सेट बोलता केला. आनंदाने रडूच आलं.

रागावलात तरी माया कमी करू नका.
आपली हिल्डा

नंदाखाल, ता. २० ऑक्टोबर

चि. हिल्डास आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचत होतो. ‘ठेवलाय कुठे’पाशी आलो आणि तुझी आई चुलीकडे धावली. पावसाळ्यात पोरीचं काम सादळू नये म्हणून तिनेच रेडिओ चुलीवरच्या फळीवर ठेवला होता, मीठ आणि सुक्या बोंबलांशेजारी! जपायला गेले आणि पोरीचंच शिक्षण बुडवत होते, म्हणत इतकी रडली की माझेही डोळे भरले. मी रोज तिथेच जेवायला बसतो, पण मलाही कळलं नाही.

आता पाच दिवस रेडिओ ओटीवर आहे, ठणठणीत. बेसिल बातम्या ऐकायला येतो, मेला!

दुसऱ्या वर्षाचा फॉर्म सोबत आहे. पालकाच्या सहीला जागा एकच. मी सही केली, तर आईने हातातून पेन घेतलं. तिला चौथीतच शाळेतून काढलं होतं, तुला ठाऊक आहे. माझ्या नावाखाली तिने सावकाश ‘रिटा’ लिहिलंय. ऑफिसात कोणी काही म्हणालं, तरी खोडू देऊ नकोस.

तुझा बाबा