शुक्रवारी दुपारी कोणी नसते

१३ एप्रिल, शनिवार. इंदापूर

प्रचार कार्यालयात आज आप्पांनी, म्हणजे इथला सगळा प्रचार चालवणाऱ्यांनी, एका पोराच्या कानाखाली मारली. त्याने मतदारयादीवर चहा सांडला, एवढेच. आवाज असा झाला की मी हातातल्या पेनाचे टोपण लावून टाकले. पोराच्या नाकातून रक्त आले. ते यादीवर पडू नये म्हणून त्याने मान बाजूला केली.

मग यादी माझ्याकडे आली. आप्पा म्हणाले, "वरकुट्याच्या दत्ताला द्या. झेरॉक्सच्या दुकानात बसतो, पर मास्तरापेक्षा शुद्ध लिव्हतो." बारावी दोनदा गेली हे त्यांनी सांगितले नाही. बरे झाले.

काम: बागवानांची, म्हणजे मुसलमान फळव्यापाऱ्यांची, सगळी घरे. नाव, धंदा, गोदाम कुठे, कोणाशी बोलायचे, कधी जायचे.

१५ एप्रिल, सोमवार

पुण्याहून एक तज्ज्ञ आले. लॅपटॉप, पांढरे बूट. म्हणाले, "अल्पसंख्याकांकडे जाल तेव्हा धर्माचा विषय काढू नका. धंद्याचा काढा, कराचा काढा. करसुधारणा आपल्या जाहीरनाम्यात आहेच, ती त्यांच्या तोंडून येऊ द्या. ज्याची मागणी, त्याचं मत."

मागून संजूदाजी म्हणाले, "म्हंजी मतं पायजेत, पर कुनाची ते बोलायचं न्हाय." सगळे हसले. तज्ज्ञही हसले.

दाजी म्हणजे माझ्या मंदाताईचे मालक. डावा पाय जरा ओढत चालतात. अंथुर्ण्याला त्यांची पेरूची बाग आहे. आप्पांची मोटारसायकलवाली पोरे तेच गोळा करतात. ताईच्या भुवईवरची खोक नळ लागून झाली असे आई सांगते. मी ताईला कधी विचारले नाही.

१७ एप्रिल, बुधवार

सकाळी नऊला रशीदचाचांचे गोदाम, बारामती रस्ता. इकडचा निम्मा पेरू तेच घेतात, दाजींचाही. चाचा पाटीवर बसून फळे निवडत होते. हात थांबला नाही.

"कर कमी करनार म्हनता. कुठला?"

मी पत्रक पुढे केले. त्यांनी ते खोक्यावर ठेवले आणि वर एक पेरू ठेवला, उडू नये म्हणून.

"फळावर कर न्हाय बाळा. पर खोक्यावर हाय, फोमच्या जाळीवर हाय. दुसऱ्या मालाला कागदावर दाखवून त्यो परत मिळतो. आमचा मिळत न्हाय, का तर फळावर करच न्हाय. मग त्यो मी कुठनं काढू? शेतकऱ्याच्या भावातनं. आन् शेतकरी म्हनतो, बागवान चोर."

"मग काय करायला पाहिजे, चाचा?"

"खोक्यावरचा कर शेतकऱ्याच्या पावतीवर दाखवा, त्यालाच परत द्या. मला नगं. मला फकस्त शिव्या कमी पडतील."

त्यांचा मुलगा अस्लम, बी.कॉम., हसला. "अब्बा, हा खरंच लिहून घेतोय."

"घिऊ दे. इतक्या वर्सांत पयलाच हाय."

तीन ओळींत लिहिले. तिसरी ओळ: परतावा शेतकऱ्यालाच मिळावा.

यादीत शेरा लिहिला: "भेट सकाळी ८ ते ११. शुक्रवारी १ ते २ जाऊ नये. सर्व जण नमाजला जातात, गोदामात कोणी नसते." खाली तांबड्या पेनाने रेघ मारली. आपले कोणी त्याच वेळी जाऊन उभे राहायला नको, त्यांना अवघडल्यासारखे होईल. आप्पांनी वाचले. म्हणाले, "असं काम पायजे."

घरी येताना दोनदा थांबून पिशवीत बघितले, तीन ओळींचा कागद आतच होता.

२१ एप्रिल, रविवार

सभा. उमेदवारांनी माझाच कागद हातात धरला होता. मी चौथ्या रांगेत. ते म्हणाले, "बागवान बांधवांनी करपरताव्याची मागणी केली आहे, ती आम्ही पूर्ण करू." टाळ्या पडल्या. तिसरी ओळ वाचलीच नाही. कागद घडी करून खिशात गेला.

पाठीमागून कोणी ओरडले, "आन् आमी?" मग खुर्च्या उडाल्या. बावड्याचा एक माणूस खाली पडला आणि त्याच्या बोटांवर कोणीतरी बूट ठेवून उभे राहिले. मुद्दाम. मी बघत होतो. त्या बूटवाल्याचे लक्ष भाषणाकडे होते.

२३ एप्रिल, मंगळवार

मोबाईलवर फिरतेय: "त्यांना टॅक्स माफ. तुमच्या ठिबकवर टॅक्स. आता तरी जागे व्हा." खाली चाचांच्या गोदामाचा फोटो. एकाच दुपारी अकरा जणांकडून आले. त्यात माझा सख्खा चुलतभाऊ.

दाजींना म्हणालो, "दाजी, तसं नाहीये. मागणी तुमच्याच फायद्याची आहे. परतावा बागवानाला नाही, शेतकऱ्याला…"

पुढचे बोलता आले नाही. त्यांनी गळा धरून मला कपाटावर दाबले. पाय जमिनीला लागत होते, पण टाचा नाहीत. "मला श्यानपन शिकवतो व्हय रं, बारावी नापास?" कार्यालयात सहा जण होते. एकाने पंखा वाढवला.

सोडल्यावर शांतपणे म्हणाले, "ती बागवानांची यादी दी. मतदानाच्या स्लिपा वाटायच्यात." मी आप्पांकडे बघितले. आप्पा म्हणाले, "दी की." दिली. दाजींनी पाने चाळली. "झ्याक लिव्हलंय गड्या सगळं."

गळ्यावर चार बोटे उठली आहेत. आईला सांगितले उष्णता.

२६ एप्रिल, शुक्रवार

क्रमाने लिहितो.

एक वाजून वीस मिनिटे. बारामती रस्त्याकडे धूर. पहिला काळा, मग पिवळट. मी दुकानाचे शटर अर्धे ओढून धावलो. कुलूप लावले नाही. असे कधी केले नव्हते.

गोदामाची पुढची बाजू पेटली होती. फोमच्या जाळ्या वितळून थेंब थेंब पडत होत्या आणि प्रत्येक थेंब पेटलेला. भाजलेल्या पेरूचा वास. आठ-नऊ जण, तोंडाला रुमाल, हातात दांडकी. एकाने पेट्रोलचे आणखी डबे आत फेकले.

आणि आतून अस्लम बाहेर आला. माल गाडीत भरायचा राहिला होता म्हणून तो नमाजला गेला नव्हता. सदऱ्याची एक बाही जळत होती. ती विझवायला त्याने हात आपटला, तेवढ्यात पहिले दांडके बसले. तो "कोण आहे, कोण आहे" म्हणत होता. म्हणून त्यांनी तोंडावर मारले. तोंड मिटेपर्यंत मारले. मग डोळ्यांवर.

मारणाऱ्यांतला एक डावा पाय जरा ओढत चालतो. रुमालाने पाय झाकला जात नाही.

मी रसवंतीच्या मागे उभा होतो. माझ्यापासून तिथपर्यंत चाळीस पावले असतील. हललो नाही. चरकाचा दांडा हातात घट्ट धरून ठेवला होता. चाचा आणि बाकीचे मशिदीकडून अनवाणी पळत आले तेव्हा मोटारसायकली निघून गेल्या होत्या. चाचांनी जळक्या खोक्यांकडे बघितलेही नाही. सदरा काढून अस्लमच्या हाताला गुंडाळला आणि त्याचे डोके मांडीवर घेतले.

दुकानात येऊन फरशी तीनदा पुसली.

२७ एप्रिल, शनिवार

अस्लम बारामतीला दवाखान्यात. जबडा मोडला आहे. उजवा डोळा वाचेल की नाही, सोमवारनंतर सांगतील.

दाजी दुकानात आले. आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, जशी गिऱ्हाइके मागतात. मशीन चालू असताना म्हणाले, "तुज्या यादीत लिव्हलं व्हतं, कोनी नसतं. आमी खोकी जाळाय गेल्तो, मानसं माराय न्हाय. त्ये पोरगं आत कसं? तू नीट चवकशी करून लिव्हायला पायजे व्हतं."

दोन झेरॉक्स घेऊन गेले. त्यांचा आवाज खरोखर दुखावल्यासारखा होता.

दिवसभर तेच डोक्यात. आणि मला सगळ्यात वाईट हे वाटते की पहिल्या क्षणी माझ्याही मनात आले, हो, चौकशी कमी पडली.

२९ एप्रिल, सोमवार

डोळा गेला.

आप्पांनी यादीच्या सगळ्या प्रती मागवल्या. कार्यालयाच्या मागे पत्र्याच्या डब्यात जाळल्या. मी विचारले, "पोलिसांनी विचारलं तर?" त्यांनी एक थप्पड दिली, फार जोरात नाही, आणि वर गाल थोपटला. "यादी न्हवतीच. कुनाला इचारतील?" मग म्हणाले, "आता त्यांच्यात आपल्याबद्दल वाईट जायला नगं. तुला वळखतात. उद्या जा, इचारपूस कर. आन् कराचं पत्रक ऱ्हाऊ दी पिशवीत. कुनी मागितलं तर असावं."

गेलो नाही. सांगितले गेलो होतो.

१ मे, बुधवार

अंथुर्णे. दाजी शेतात असतील अशा वेळी गेलो. ताई गोठ्यात होती. सगळे सांगितले, पाय ओढण्याचेही. मी म्हणालो ठाण्यात जाऊन सांगतो.

ती शेण काढायची थांबली नाही. म्हणाली, "सांग. तुला येकदाच मारतील. मला रोज." मग पाटी उचलून, "तसं रोज मारत्यातच. आता कारन मिळंल."

निघताना दाजी बांधावर भेटले. काही विचारले नाही. ठिबकच्या नळीचा तुकडा हातात होता, त्याने मारले. पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर नाही. मी ओरडलो नाही, कारण घर जवळ होते. आठपर्यंत मोजले. पुढचे मोजता आले नाही. "बहिनीला भेटाय येताना फोन करून येत जा," म्हणाले आणि माझी सायकल उचलून उभी करून दिली.

बसता येत नाही. हे उभ्याने लिहितोय. अक्षर बिघडले आहे.

संध्याकाळी कोयता धुऊन धार लावली. मग पुन्हा अडकवून ठेवला. कशासाठी धार लावली ते इथे लिहिणार नाही.

४ मे, शनिवार

रशीदचाचा दुकानात आले. दाढी वाढलेली. बाकावर बसले, पाणी घेतले नाही.

"तक्रार टाईप करून दी. ठान्यात तोंडी सांगितली, तर लेखी आना म्हनले. तुजं शुद्ध असतं. उगं येखाद्या अक्षरावरनं परत पाटवायला नगं."

ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. वार, वेळ, गोदामाचा पत्ता.

"कोण होते?" मीच विचारले.

"रुमाल व्हते तोंडाला. लिव्ह, अज्ञात इसम." पडद्यावरच्या अक्षरांकडे बघितले. "पर त्यांना येळ कुनीतरी सांगितली, दत्ता. सगळे नमाजला जात्यात, गोदामात कुनी ऱ्हात न्हाय, ही आतली गोस्ट हाय. आमच्या म्हादू हमालाला काढून टाकलं. वीस वर्सं हुता. माझ्या पुतन्यांनी काल त्याला गाठला. पाय मोडला त्याचा. त्यो रडत म्हनत व्हता, मी न्हाय चाचा, मी न्हाय. मी आडवलं न्हाय पोरांना." त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितले. "त्याचं बी नाव घाल. म्हादू. संशय म्हनून."

मी टाइप केले. म्हादू. मग खोडले. लाइट गेली आहे असे सांगितले. पंखा डोक्यावर फिरत होता. चाचांनी वर पंख्याकडे बघितले, मग माझ्याकडे.

"सोमवारी दहाला येतो," म्हणाले. "सही कराय."

५ मे, रविवार

म्हादू हमालाच्या घरी गेलो. झोपडीबाहेर खाटेवर होता. प्लास्टर नाही, फळीला बांधलेला पाय, सुजून निळा. मला बघून दोन्ही हात डोक्यावर धरले. त्याला वाटले मीही मारायला आलोय. त्याची बायको फणकाऱ्याने म्हणाली, "आता आनि कोन ऱ्हायलंय?"

वेळ मीच लिहून दिली होती हे न सांगता परत आलो.

ताईला फोन केला. "दाजी घरी आहेत?" "हायेत." "मग ऐकून घे फक्त. उद्या दुपारच्या आत तू आईकडं ये. कपडे आण." पलीकडे बराच वेळ भांड्यांचा आवाज. मग ती मोठ्याने, कोणाला तरी ऐकू जावे अशी म्हणाली, "राँग नंबर."

६ मे, सोमवार. सकाळ

साडेसातलाच दुकान उघडले. अर्ज पुन्हा पहिल्यापासून टाइप केला.

"सदर वेळी गोदामात कोणी नसते, ही माहिती म्हादू यांनी दिलेली नसून ती मी स्वतः लेखी दिली." त्याखाली माझे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, मु. पो. वरकुटे. दोनदा तपासले. बरोबर आहे.

पुढचे वाक्य: "सदर यादी मी दि. २३ एप्रिल रोजी आप्पांच्या सांगण्यावरून ज्यांच्या हाती दिली, त्यांचे नाव". इथे थांबलो आहे. ते नाव लग्नपत्रिकेवर मीच टाइप केले होते, ताईच्या नावाच्या शेजारी, हात न थांबता.

ताईचा फोन लागत नाही. अंथुर्ण्याहून येणारी पहिली एसटी येऊन गेली. तिच्यात ती नव्हती. दुसरी साडेदहाला.

चाचा लवकर आलेत. समोर रस्ता ओलांडायला थांबलेत, उसाचा ट्रॅक्टर जाईपर्यंत. दोन ट्रॉल्या आहेत, वेळ लागेल.