पडद्याचा इन-चार्ज

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात म्हणे, आणि आज मी मोठा झालो. आमच्या आर्किटेक्ट साहेबांनी मीटिंग हॉलमधला नवा भिंतभर स्क्रीन माझ्या ताब्यात दिला. ऑफिसातल्या कुठल्याही मशीनवरून, अगदी परगावच्या शाखेतूनसुद्धा, इमारतीचा नकाशा थेट त्यावर उघडता येतो. अट एकच, त्या मशीनचं नाव परवानगीच्या यादीत हवं. यादी माझ्या हातात. सध्या तीत एकच नाव आहे, माझ्या मशीनचं. शोभतंय.

चौदा तारखेला नव्या हॉस्पिटलचे ट्रस्टी नकाशे बघायला येणार. सगळं सुरळीत पार पडलं तर ‘डिस्प्ले इन-चार्ज’ हे पद कायम, असं साहेब म्हणाले. टेबलावर ठेवायची पितळी पाटी लगेच ऑर्डर केली. बायकोला सांगितलं. म्हणाली, बरं झालं, आता जरा दूध घेऊन या.

४ जून, मंगळवार
संकल्प : कडक राहायचं. परवानगी हवी त्याने स्वतः येऊन कारण सांगावं. ड्राफ्ट्समनला तीन प्रश्न विचारून मग घेतलं. रिसेप्शनवरच्या बाईंना पाहुण्यांसाठी ‘सुस्वागतम्’ लावायचं होतं. मी विचारलं, कशाला? त्या म्हणाल्या, स्क्रीन काय तुम्हाला लग्नात मिळालाय? नाव घातलं नाही.

घरी मेहुणा आलाय. दोन दिवसांसाठी, असं बायको म्हणते. सोफ्यावर आडवा, हातात रिमोट. याला परवानगी कोणी दिली? रविवारी स्पष्ट बोलणार.

६ जून, गुरुवार
बसलो की कोणीतरी येतं. उठलो की मागे येतं. एकाचं नाव घातलं की दुसरा म्हणतो, त्याचं घातलंत, मग मी काय घोडं मारलंय? शाखेतला ओव्हरसिअर सारखा फोन करतोय. चहा गार. उगाचच हॉलमध्ये जाऊन स्क्रीन जागेवर आहे का बघून आलो. होता. पुन्हा गेलो.

७ जून, शुक्रवार
तोडगा! मॅन्युअलमध्ये सापडला. परवानगीच्या कमांडपुढे नुसतं अधिक चिन्ह टाइप करायचं, की यादीची भानगडच नाही. येईल त्याला दार उघडं. दिलं. माणसाचं मन मोठं असावं. ड्राफ्ट्समनने स्वतःहून चहा आणून दिला.

रविवारी बोलायचं पुढच्या रविवारवर. मेहुण्याच्या आवडीची मॅच आहे.

१० जून, सोमवार
स्क्रीन गजबजलाय. कोपऱ्यात ‘सुस्वागतम्’. शाखेकडून हवामान. मधोमध ड्राफ्ट्समनने दोन भलेमोठे डोळे सोडलेत. माउसचा बाण जिकडे जाईल तिकडे बुबुळं फिरतात. साहेबांना सांगितलं, टेस्टिंग चालू आहे. खरं म्हणजे मी बराच वेळ ते फिरवत बसलो होतो.

१२ जून, बुधवार
साहेब स्क्रीनवर ऑपरेशन थिएटरचा नकाशा बघत होते, तेवढ्यात त्यावर अकाउंट्सवाल्यांच्या सहलीचे फोटो उघडले. साहेबांनी विचारलं, हा हॉल आहे की धर्मशाळा? मी म्हणालो, सगळं कंट्रोलमध्ये आहे. मग पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो. तहान नव्हती.

१४ जून, शुक्रवार. सकाळी
आज कसोटी. झोप नीट नाही, पण निर्णय पक्का. अधिक चिन्ह काढून टाकलं. शिवाय पूर्वीची यादीही सबंध पुसली. कोरी पाटी! आता फक्त लायक नावं घालायची.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
दोन किरकोळ गोष्टी लक्षात आल्या. एक : परवानगी काढली तरी आधीपासून आत असलेले बाहेर जात नाहीत, फक्त नवे अडतात. इतरांनी आपापलं बंद केलं. डोळे राहिले. ड्राफ्ट्समन लग्नाला गेलाय, मशीन चालू, पासवर्ड त्याच्या डोक्यात, फोन बंद. डोळ्यांना बंद करायची फुलीही नाही.

दोन : यादीत नाव घालायला घालणाऱ्याचं नाव यादीत असावं लागतं. माझं पहिलंच होतं. तेही पुसलं गेलं.

रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, प्लग काढून परत लावा ना. हसलो. प्लग काढणं हा काही तांत्रिक उपाय नव्हे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ट्रस्टी आले. स्क्रीनवर नकाशा नाही, नुसते डोळे. बाण अध्यक्षांच्या बाजूच्या कोपऱ्यात होता, म्हणून ते त्यांच्यावर रोखलेले. अध्यक्षांनी खुर्ची सरकवली. मी मदतीला माउस हलवला, तर डोळे त्यांच्या मागोमाग गेले. कोणीतरी खोकलं. साहेब खुर्चीवर चढले आणि त्यांनी प्लग काढला. मग कागदी नकाशे टेबलावर पसरले.

काम मिळालं. कागदावर. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, इन-चार्जचं राहू दे. फार लागलं. डोळ्यांचं एवढं नाही, या न बघण्याचं.

१८ जून, मंगळवार
आता स्क्रीनला साधी केबल. ज्याला हवं त्याने जोडावी. केबल रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये. मागायला गेलो. बाईंनी विचारलं, कशाला? सांगितलं. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. मग दिली.

पितळी पाटी कुरिअरने घरी आली. बायकोने वाचली, पदराने पुसली आणि टीपॉयवर ठेवली. मेहुण्याने पाटीवर चहाचा कप ठेवलाय. टीपॉयवर डाग पडत नाहीत म्हणे.

मी म्हटलं, जरा बातम्या लावतोस का?
तो म्हणाला, कशाला, भाऊजी?