बाहेर कोण बसणार

७ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू बरं आहे म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून पत्र. पत्र मधेच ठेवून देता येत नाही.

परवा तुझ्या तोंडून एवढंच निसटलं, की हृदयाच्या नळीतला थर चुन्यासारखा कडक झालाय, तो घासून काढल्याशिवाय स्टेंट बसणार नाही, आणि तू दवाखान्यातून तारीख न घेताच परत आलास. का, ते विचारायच्या आत तू तिकडे थंडी किती आहे ते सांगायला लागलास. लहानपणी कुणाची काच फोडून आलास की असंच हवापाण्याचं बोलायचास.

मी ठीक आहे. शाळेच्या गणवेशांचं शिवण चालू आहे. संध्याकाळी पेपर अजून मोठ्याने वाचते. तुझ्या दाजींना ऐकायची सवय होती, ते गेले आणि मला वाचायची राहिली. शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, कोण आलंय. मी सांगते, कुणी नाही, बातम्या आहेत.

खरं कारण कळव. माझा लोभ आहेच, तो गोळीसारखा वेळेवर घेत जा.

तुझी ताई

१६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुला वाटतं मी घाबरलो. घाबरलो नाही, मला अनुभव आहे. जुन्या इमारतींचे लोखंडी पाइप मी जन्मभर साफ केलेत. आत गंज धरून करंगळीएवढी वाट उरलेली असते. मालक म्हणतो, खरवडून काढ. मी सांगतो, काढतो, पण मग माझ्या नावाने ओरडू नका. लोखंड केव्हाच झिजलेलं असतं, गंजच पाइपाला धरून असतो. तो काढला की दुसऱ्या दिवशी भिंत ओली.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हिऱ्याची भुकटी लावलेलं इवलंसं टोक आत गरगर फिरतं म्हणाल्या. हत्यार झकास आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण माझी साखर वीस वर्षांची. आत पाइप कसला उरला असेल ते मला कळतं. शिवाय दाजींचंही हेच केलं होतं. पुढचं तुला मी काय सांगू.

स्वतःला जप आणि माझ्यावर डोळे वटारू नकोस.

तुझा बारक्या (वय वर्षे एकसष्ट)

२४ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. आ. तुझं पाइपाचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. दाजींच्या जुन्या डॉक्टरांकडे जाऊन तुझं पत्र वाचून दाखवलं. ते आधी हसले, मग म्हणाले, शंका रास्त आहे. नळीला भोक पडू शकतं. क्वचितच पडतं, आणि त्याची तयारी ठेवूनच ते आत शिरतात. पण नळी जिवंत असते, ती भरून येते. पाइप भरून येत नाही. साखरवाल्यांचंही त्या दिवसाचं काम बहुतेक वेळा नीट पार पडतं. फरक पडतो तो पुढे. नळी पुन्हा अरुंद व्हायचं, पुन्हा दवाखाना गाठायचं प्रमाण त्यांच्यात जास्त. वाचनालयातल्या पुस्तकातही मला हेच सापडलं. तुझ्यापासून लपवणार नाही.

दाजींचं तसंच झालं. गोळ्या, पथ्य, चालणं, सगळं करूनही नळी पुन्हा बुजली, आणि त्या खेपेला हृदयच थकलेलं होतं. पण मधली चार वर्षं तू विसरतोस. त्याआधी ते जिन्यात मधेच बसकण मारायचे. नंतर माझं शिलाई मशीन स्वतः उचलून दुरुस्तीला घेऊन गेले आणि वाटेत चार जणांना चिडवून आले. ती वर्षं फुकट गेली असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

आणखी एक. गळेल म्हणून काम सोडून आलेला तू मला आठवत नाहीस. पाइप हे सगळं कारण नव्हे. उरलेलं लिही.

ताई

३१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझ्यापुढे कधी काही लपलंय?

डॉक्टरीणबाईंना मी हो म्हणालो होतो. बाहेर नर्स तारीख द्यायला लागली आणि तिने विचारलं, त्या दिवशी बाहेर कोण बसणार. साधा प्रश्न. मी विचार करत उभा राहिलो. लग्न केलं नाही, त्यावाचून आजवर काही अडलं नव्हतं. गिऱ्हाइकं पुष्कळ, पण नळ गळला की आठवण काढणारी. समोरचा न्हावी आला असता, पण त्याला दुकान बंद ठेव असं कोणत्या तोंडाने सांगू? मागे लोक खोळंबले होते. विचारून येतो म्हणालो आणि जिना उतरलो. कुणाला विचारणार होतो, कोण जाणे. पाइपाचं कारण घरी आल्यावर सापडलं.

तुला कळवणार नव्हतो. दाजींच्या शेवटच्या खेपेला डॉक्टर बाहेर आले आणि तुला नीट बसून घ्या म्हणाले, ते मी पाहिलंय. तसल्या बाकावर तुला पुन्हा बसवू? त्यापेक्षा राहू दे.

रागावलीस तरी पत्र टाक.

बारक्या

५ फेब्रुवारी

बारक्या,
आशीर्वाद नंतर. आधी शिव्या, त्या समोर आल्यावर देईन.

उरलेले गणवेश शेजारणीकडे सोपवलेत. मंगळवारी पोचते. तू आजच नर्सकडे जाऊन तारीख घे. तो बाक मला आवडत नाही, खरं आहे. पण रिकाम्या खोलीपेक्षा बरा. तिथे बसून कुणाची तरी वाट बघता येते.

चहा बिनसाखरेचा टाकून ठेव.

ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तू गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. तू होतीस तेव्हा तुझ्या वाचनाला कंटाळलो होतो, आता पेपर घडी न मोडता पडून राहतो. काल मीच मोठ्याने वाचून पाहिला. न्हावी डोकावून विचारतो, कोण आलंय. मी म्हणालो, बातम्या.

जिना न थांबता चढतो. नळी सध्या मोकळी आहे. साखर आवरायची, गोळी चुकवायची नाही, आणि पुन्हा अरुंद होणार नाही असं वचन डॉक्टरीणबाई देणार नाहीत. मी म्हणालो, मीही गिऱ्हाइकाला कधी देत नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. मला आत नेलं तेव्हा पहिलं दार लागल्यावरही तुझा आवाज येत होता. बाकावर बसून भाज्यांचे भाव वाचत होतीस, नेहमीपेक्षा मोठ्याने. दुसरं दार लागेपर्यंत मी ऐकत होतो. वांगी महागली होती.

काल तपासणीला गेलो. त्याच नर्सने विचारलं, पुन्हा वेळ आली तर बाहेर कोण बसणार. या खेपेला मागचे लोक खोळंबले नाहीत.

लोभ असू दे, आणि तुझा आवाजही.

तुझा बारक्या