मेच्या पानावरचा उखा

१२ जानेवारी ८७, धुळे

जर्मनीहून कॅलेंडरांचं खोकं आलं. आमच्या संस्थेला पैसा देणाऱ्या फंडाने छापलेली. मेच्या पानावर उखा! शिंदखेड्याकडचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा. खाली इंग्रजीत नाव, गाव आणि मालकाने रात्रभर गोठ्यात बांधून ठेवल्याची सगळी हकीकत. फंडाच्या पाहुण्यांपुढे बोलताना हात जोडून म्हणाला होता, "मन्हं नाव सांगू नका, ताई." मी तेही इंग्रजीत सांगितलं होतं. संस्था चालवणारे नाना खूश. "सुमन, आपला माणूस जगभर गेला!" कपाळ माझं.

२९ जानेवारी

नानांनी तहसील कचेरीतही कॅलेंडरं वाटली. नको म्हटलं, तर "तू फार भित्री." हो, आहे.

१६ फेब्रुवारी

उखाचे मालक आबा स्वतः ऑफिसात. चहा घेतला. पानं उलटत मेवर थांबले. "मना उखा ते परदेशमा गया! मालेबी एक द्या." नानांनी दिलं. आबा भडकले असते तर बरं वाटलं असतं.

८ एप्रिल

उखा आला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपतंय. नवा मालक शोधत पाच गावं फिरला, कुणी दारात उभं करत नाही. आबांचा मात्र निरोप, दुप्पट देतो, ये. मी म्हटलं, जाऊ नको.

"मंग तुम्ही ठेवशात का माले?"

फंड मेळाव्याला आहे, शिबिराला आहे, भिंती रंगवायला आहे. माणूस ठेवायला नाही. तो गेल्यावर मला रडू आलं.

आखाजी

लिंबाला झोके, पोरींची गाणी. मांडे केले, शेजारी वाटून टाकले. शिंदखेड्याचा कार्यकर्ता सांगून गेला, आबांनी उखाला आणायला बैलगाडी पाठवली, तो बसून गेला. सालदाराला गाडी? कधी ऐकलंय?

२३ मे

उखाचा पत्ता नाही. आबा म्हणतात, सुरतेला पळाला. फौजदारही तेच म्हणतो. बायको रडत आली होती, "त्यासन्या चपला गोठाबाहेरच पडेल शेतस." आबांच्या ओसरीवर मेचं पान तसंच लटकतंय म्हणे.

आज फंडाचं पत्र. पुढच्या कॅलेंडरसाठी उखाचा आणखी एक फोटो हवा, शक्यतो हसताना.

नानांनी वाचून घडी घातली. उद्या पहिल्या एस.टी.ने मी शिंदखेड्याला जातेय, उखाला शोधायला.

"फोटोवाल्याला सोबत ने," नाना म्हणाले.

कशासाठी, विचारलं. त्यांनी मान वर न करता पत्राची घडी माझ्यापुढे सरकवली.