भुशाला लागणारं पाणी

ता. ३, सकाळ

चि. धाकट्यास,

आशीर्वाद मागून देते, आधी तुझ्या भुशाचं ऐक. पोट साफ व्हावं म्हणून तू इसबगोलाच्या भुशाचा डबा पाठवलास आणि बाबांचं होत होतं तेही बंद झालं. आज पाचवा दिवस. पोट फुगलंय, जेवणावर वासना नाही. रोज चमचाभर देते, ते तोंडात टाकतात, दोन घोट पाणी पितात आणि पेला पालथा घालतात. काल दोन चमचे दिले, तरी तेच. लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री मारून घरी यावं तर हे संडासाच्या दाराशी स्टूल टाकून बसलेले. शेजारीण म्हणाली, आतडं तुंबलं की कापाकापी करतात. ते बाबांनीही ऐकलं. औषधाच्या दुकानात वीस वर्षं नुसती खोकी उचललीस का? फोन करत नाही, मधेच तुझं गिऱ्हाईक येतं. तुमच्या दुकानाच्या गाडीवाल्याकडे चिठ्ठी देतेय, त्याच्याच हाती उत्तर पाठव.

लोभ आहे, पण सध्या राग जास्त आहे.

ताई

ता. ३, दुपार

ती. ताईस शि. सा. न.

गाडी थांबवून लिहितोय. भुसा आता बंद. बाबांना आजच डॉक्टरांकडे ने. पोटात कळा किंवा उलट्या असतील तर सरळ मोठ्या दवाखान्यात. घोळ त्या दोन घोटांचा आहे. भुसा पाणी शोषून फुगतो, मळ मऊ आणि भरीव होतो, मग आतडं तो आपणच पुढे ढकलतं. पाणी नसेल तर आत लगदा होऊन बसतो. चमच्यामागे भरून पेला हवा, शिवाय दिवसभर पाणी. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून चमचे वाढवायचे नसतात. डब्यावर मी नुसतं 'पाण्याबरोबर' लिहिलं, चूक माझी. मीही हाच घेतो, काउंटरवर उभं राहून माझंही तसंच झालंय.

राग उतरला की कळव, लोभ तोवर जपून ठेव.

धाकटा

ता. ११

चि. धाकट्यास आशीर्वाद, या वेळी आधीच.

डॉक्टरांनी पोट दाबलं, फोटो काढला. आतडं तुंबलेलं नाही, मळाचा खडा झालाय म्हणाले. एनिमा दिला, मोकळं झालं. भुसा पुन्हा सुरू करा, पण पाणी भरपूर, असं बजावलं. आता बाबा पाणी घेईनात. तीस वर्षं क्रेनवर काढली, लघवीला उतरायचं तर नव्वद पायऱ्या, म्हणून कामावर पाणीच प्यायचे नाहीत. क्रेन सुटली, सवय सुटली नाही.

बडबडून दमले. मग दोन पेल्यांत चमचा-चमचा भुसा टाकला. एकात दोन घोट पाणी, दुसरा काठोकाठ. थोड्या वेळाने पहिल्यात चमचा उभा राहिला, दुसऱ्यातलं ओतलं तसं वाहिलं. बाबा बघत बसले. म्हणाले, काँक्रीटमध्ये पाणी कमी घालणाऱ्याला मी वरून शिव्या घालायचो. आणि नवा पेला भरून घेतला. तिसऱ्या दिवशी संडासातून बाहेर आले आणि क्रेनखालचा माणूस त्यांना करायचा तशी हाताने खूण केली, माल उतरला. मी हसले तर रागावले.

काल तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. तुझ्या काउंटरचं वाक्य आलं तिथे मला थांबवलं. म्हणाले, तो किती पाणी पितो, आणि तो लघवीला गेला तर दुकान कोण बघतं, हे विचार. सकाळचा पेला घेतात, दुपारचा पालथा घातलाय. तुझं उत्तर येईपर्यंत तो पेला सरळ करणार नाही म्हणतात.

तेव्हा शुक्रवारच्या गाडीने दिवसाचे पेले मोजून कळव. खोटं लिहू नकोस, गाडीवाल्याला विचारणार आहे.

ताई